ज्या डॉक्टरने अख्खं मुंबई बेट खंडाने घेतलं होतं, त्याची हाडं मेल्यावर 12 वर्षांनी उकरून जाळली

गोव्याला गेल्यावर बीच आणि शॅक सोडून पणजी शहर बघणारे लोक आता वाढलेत. त्यात संध्याकाळी पायी फिरत, गल्लोगल्ली थांबत, एकेक पेय चाखत शहराचा इतिहास ऐकायच्या सफरीही निघतात. आठ-दहा जणांचा घोळका असतो, पुढे सांगणारा एक वाटाड्या. फोंतेन्हासच्या पिवळ्या-निळ्या भिंती, लाकडी सज्जे, कोपऱ्यावरचं दोन बाकड्यांचं जुनं तावेर्न. दिवस मार्च ते मे मधले असतील तर ग्लासात उर्राक येते. त्यात लिमका, लिंबाची फोड, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची. एरवी मग फेणी, नाहीतर फेणीचं एखादं नव्या पद्धतीचं कॉकटेल.

आता एक गोष्ट, जी फिरणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. पणजी हे बेटावरचं शहर आहे. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला झुआरी आणि मागून या दोघींना जोडणारी कुंभारजुव्याची खाडी. या पाण्याने वेढलेल्या तुकड्याला तिसवाडी म्हणतात, आणि पोर्तुगीज तर त्याला सरळ बेटं असंच म्हणायचे. जुनी राजधानी, म्हणजे आजचं ओल्ड गोवा, तेही याच बेटावर.

अशा सफरीत वाटाड्या सांगतो की काजू मूळचा ब्राझीलचा, पोर्तुगीजांनी तो इकडे आणला. उर्राक हा शब्द अरबी अरक वरून आला, अरक म्हणजे घाम. भट्टीच्या भांड्यातून थेंब थेंब ठिबकतं, म्हणून घाम. पुढे चर्च स्क्वेअरची बाग लागते. मधोमध उंच खांब, त्यावर पूर्वी वास्को द गामा होता, आता अशोकस्तंभाचे सिंह आहेत. ही पणजीची महापालिका बाग. तिचं जुनं नाव गार्सिया द ओर्ता बाग.

हे नाव घेऊन घोळका पुढच्या बारकडे वळतो. खरं तर या सफरीत जे जे सांगितलं जातं, त्यातल्या कितीतरी गोष्टी पहिल्यांदा नीट लिहून ठेवणारा युरोपियन हाच माणूस. माडाच्या झाडापासून दारू कशी निघते, भांगेत काय काय मिसळतात, आंबा कुठला चांगला, पटकीच्या रोग्याला इथले वैद्य काय पाजतात, सगळं त्याने लिहिलं. स्वतःबद्दलची एक गोष्ट मात्र आयुष्यभर लपवली. ती का, हे कळायला गोष्ट स्पेनपासून सुरू करावी लागते.

साल 1492. स्पेनच्या राजा-राणीने फर्मान काढलं की ज्यूंनी एकतर ख्रिश्चन व्हावं किंवा देश सोडावा. हजारो कुटुंबं सरहद्द ओलांडून शेजारच्या पोर्तुगालमध्ये आली. त्यातच गार्सियाचे आईवडील होते. पण पाचच वर्षांत, 1497 मध्ये, पोर्तुगालच्या राजाने आपल्या राज्यातल्या ज्यूंना जबरदस्तीने बाप्तिस्मा दिला. एका रात्रीत ते नवे ख्रिश्चन झाले. कागदावर चर्चचे, पण शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या नजरेत कायमचे संशयित. शनिवारी चूल पेटवली नाही, डुकराचं मांस टाळलं, सणावाराला घर जरा जास्तच स्वच्छ केलं, एवढंही कोणी चुगली करायला पुरायचं.

अशा घरात, सरहद्दीवरच्या कास्तेलो द व्हिद या गावात, 1501 च्या आसपास गार्सिया जन्मला. वडील व्यापारी होते. पोरगं हुशार निघालं. सालामांका आणि अल्काला या स्पेनमधल्या नामांकित विद्यापीठांत तो शिकला, वैद्यकी घेऊन गावी परतला, मग लिस्बनला गेला आणि 1530 पासून तिथल्या विद्यापीठात शिकवू लागला. नोकरी चांगली, मानमरातब होता. थांबला असता तर एक प्राध्यापक म्हणून त्याचं आयुष्य गेलं असतं.

पण हवा बदलत होती. स्पेनमध्ये इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, आधीपासून होतं. ते पोर्तुगालमध्येही येणार अशी कुजबुज सुरू झाली. 1534 च्या मार्चमध्ये मार्तिम अफोंसो द सूझा हा सरदार आरमार घेऊन हिंदुस्थानला निघाला. गार्सिया त्याचा खासगी वैद्य म्हणून जहाजावर चढला. दोन वर्षांनी, 1536 मध्ये, पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशन खरंच सुरू झालं. तो निव्वळ औषधी वनस्पतींच्या ओढीने निघाला की जीव वाचवायला, यावर बरंच लिहिलं गेलंय. दोन्ही कारणं एकाच वेळी खरी असायला काहीच हरकत नाही.

सप्टेंबर 1534 मध्ये तो गोव्याला उतरला. पुढची काही वर्षं सूझाच्या मोहिमांबरोबर पश्चिम किनाऱ्यावर वरखाली करण्यात गेली. योगायोग बघा, त्याच वर्षीच्या डिसेंबरात गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसईचा तह करून वसई आणि आसपासची बेटं पोर्तुगीजांना देऊन टाकली. त्यात मुंबईही होती. गार्सिया त्या काळात याच भागात फिरत होता. घारापुरीची लेणी त्याने पाहिली, साष्टीतली कान्हेरीची लेणी त्याला माहीत होती, आणि पुढे पुस्तकात त्याने दोन्हींबद्दल लिहिलं.

याच बहादूरशहाचा एक किस्सा गार्सियाने भांगेच्या प्रकरणात नोंदवलाय. सुलतानाने सूझाला सांगितलं होतं की रात्री पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्तान किंवा अरबस्तान फिरून यावंसं वाटलं की आपण थोडी भांग खातो. बस्स, जहाज लागत नाही. गार्सिया त्यावर नाक मुरडत नाही. भांगेच्या पानांच्या चूर्णात जायफळ, जायपत्री, लवंग, कापूर, कुणी कस्तुरी तर कुणी अंबर घालतं, कुणाला ती घेतल्यावर हसू येतं, कुणाला झोप लागते, एवढं सगळं तो शांतपणे लिहून ठेवतो. आजच्या भाषेत सांगायचं तर घटक, मिश्रण आणि परिणाम. धोत्र्याबद्दलही तसंच. चोर लोक धोत्रा अन्नात घालून घरच्या नोकरांना बेभान करतात आणि घर साफ करून जातात, हे त्याने जवळून पाहिलं होतं.

सूझा नंतर मायदेशी परतला, पुढे 1542 मध्ये गव्हर्नर होऊन पुन्हा आला. गार्सियाने मात्र गोवा सोडलंच नाही. डॉक्टरकी चालू होती, जोडीला रत्नांचा आणि औषधी मालाचा व्यापार. घराला लागून बाग होती, तिथे तो झाडं लावून बघायचा. नात्यातल्याच एका श्रीमंत घरातल्या मुलीशी, ब्रियांदा द सोलिसशी, त्याने लग्न केलं. दोन मुली झाल्या. संसार काही सुखाचा झाला नाही असं दिसतं.

आता यात आपला घाटावरचा मुलुख येतो. गार्सियाचा एक मोठा पेशंट होता अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा. त्याच्या राज्याला पोर्तुगीज बालाघाट म्हणायचे, म्हणजे घाटावरचा देश, आणि हा शब्द कुठून आला हेही गार्सिया समजावून सांगतो. त्या राज्याची पूर्वेकडची हद्द कायम तापलेली असायची. गोदावरीकाठच्या पाथरीवरून निजामशाही आणि वऱ्हाडची इमादशाही यांच्यात लढाया झाल्या. पाथरी आज परभणी जिल्ह्यात, जालना जिल्ह्याच्या शिवेला लागून. म्हणजे ज्या सुलतानाच्या फौजा या भागात धुमाकूळ घालत होत्या, त्याची नाडी बघायला गोव्याहून हा डॉक्टर घाट चढून जायचा.

दोघांचं चांगलं जमलं. गार्सियाने सुलतानाला पोर्तुगीज शिकवली. बुद्धिबळाच्या सोंगट्यांना कुठल्या भाषेत काय म्हणतात यावर गप्पा रंगल्या, त्याही पुस्तकात आल्यात. सुलतानाने मोठी रक्कम देऊ करून त्याला दरबारी राहायला सांगितलं, पण गार्सियाने ते मानलं नाही. त्याला तिथून जे हवं होतं ते वेगळंच होतं. दरबारात अरबी आणि इराणी हकीम होते, त्यांना इब्न सिनाचे ग्रंथ पाठ होते. एकेका औषधाला अरबीत, फारसीत, इथल्या बोलीत काय म्हणतात, ते कुठून येतं, खरं कोणतं आणि भेसळीचं कोणतं, हे सगळं तो त्यांच्याकडून समजून घेत होता. गोव्यात मालुपा नावाचा एक हिंदू वैद्य होता, त्याच्याकडूनही तो शिकला. सोळाव्या शतकातल्या युरोपियन डॉक्टरने हे कबूल करणं ही लहान गोष्ट नव्हती.

मग मुंबई. 1554 च्या सुमारास व्हाइसरॉय पेद्रो मास्कारेन्यसच्या काळात मुंबई बेट गार्सियाला कायमच्या खंडाने मिळालं. अख्खं बेट! अर्थात आज डोळ्यांसमोर येते ती मुंबई नव्हे. सात बेटांपैकी ते एक, बेटावर माडांच्या वाड्या, भाताची खाचरं, कोळी आणि माडी काढणारे भंडारी. राजाला दरवर्षी ठरलेली रक्कम भरायची आणि बेटाचं उत्पन्न घ्यायचं, असा व्यवहार. गार्सिया राहिला गोव्यातच. मुंबईचा कारभार सिमाओ तोस्कानो नावाचा त्याचा कूळ बघायचा. हा तोस्कानो मुंबईहून आंब्यांची करंडी घेऊन येतो असा प्रसंग पुस्तकात आहे. आपल्या त्या बेटावरचं आंब्याचं एक झाड वर्षातून दोनदा फळतं, हे गार्सिया मोठ्या कौतुकाने सांगतो. हापूसच्या पेटीवरून दरवर्षी भांडणाऱ्या मुंबईकरांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

बेटावर बंदराकडे तोंड करून एक मोठं घर होतं, ते त्याच्या नावाशी जोडलं जातं. पुढे 1661 मध्ये पोर्तुगालच्या राजकन्येच्या लग्नात मुंबई इंग्लंडच्या राजाला द्यायचं ठरलं, आणि 18 फेब्रुवारी 1665 ला बेट इंग्रजांच्या ताब्यात दिल्याच्या कागदावर याच घरात सह्या झाल्या. तेव्हा ते घर दोना इग्नेस द मिरांदा या बाईंच्या मालकीचं होतं. इंग्रजांनी त्याभोवती किल्ला बांधला, तो बॉम्बे कॅसल. आज तिथे नौदलाचं आयएनएस आंग्रे आहे. एशियाटिक लायब्ररीच्या पायऱ्यांवर बसून फोटो काढणाऱ्यांच्या पाठीमागेच ही जागा येते, पण आत सहज जाता येत नाही. फोर्टात हेरिटेज वॉक करणारे बाहेरूनच बोट दाखवून पुढे सरकतात.

गार्सियाचं खरं काम मात्र कागदावरचं. 1556 मध्ये गोव्यात छापखाना आला, हिंदुस्थानातला पहिला. 10 एप्रिल 1563 ला तिथे जोआओ द एंदेम या मुद्रकाने गार्सियाचं पुस्तक छापून पुरं केलं. नाव लांबलचक, थोडक्यात कोलोक्विओस, म्हणजे संवाद. हिंदुस्थानातली औषधं आणि औषधी वस्तू यांवरचे 59 संवाद. हिंदुस्थानात छापल्या गेलेल्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांतलं हे एक. छपाई इतकी गचाळ की शुद्धिपत्रालाच वीसेक पानं लागली. याच पुस्तकाच्या सुरुवातीला लुईस द कामोइंशची एक कविता आहे. हा पुढे पोर्तुगालचा महाकवी झाला, त्याची छापून आलेली ही पहिली कविता. दोघांची गोव्यात ओळख होती.

पुस्तकाची मांडणी मजेशीर आहे. रुआनो नावाचा एक जुना विद्यार्थीमित्र स्पेनहून गोव्यात येतो आणि गार्सियाच्या घरी उतरतो. हा रुआनो काल्पनिक. तो ग्रीक आणि रोमन ग्रंथांचे दाखले देत राहतो, आणि गार्सिया त्याला सांगतो की पुस्तकात काहीही असो, इथे डोळ्यांनी दिसतं ते असं. मध्येच अंतोनिया नावाची मोलकरीण हाक मारल्यावर फळं, पानं, मुळं आणून दाखवते. युरोपात असतो तर गॅलेनसारख्या जुन्या आचार्यांविरुद्ध बोलायची हिंमत झाली नसती, हेही गार्सिया मोकळेपणाने मान्य करतो. पुस्तक लॅटिनमध्ये न लिहिता त्याने पोर्तुगीजमध्ये लिहिलं, म्हणजे दुकानदारालाही वाचता यावं.

पेयांवर प्रेम असणाऱ्यांनी वाचावं असं त्यातलं प्रकरण म्हणजे नारळाचं. माडाच्या पोयीला चीर देऊन मडकं बांधायचं, त्यात जी जमते ती सूर, आपल्या कोकणातली माडी. ती उन्हात ठेवली की शिर्का होतो. भट्टीतून काढली की ओर्राका, म्हणजे आजच्या उर्राकची थोरली बहीण. आणि भट्टीची पहिली, सगळ्यात कडक धार म्हणजे फुला. या शब्दाचा अर्थ फूल असाही खुलासा तो करतो. त्यात कापड भिजवून पेटवलं तर ते भडकन जळतं, म्हणजे माल अस्सल. मागून निघणाऱ्या हलक्या धारेत ही फुला थोडी मिसळून पिण्याजोगं केलं जातं. पहिली धार, दुसरी धार ही भाषा आजही गोव्याच्या भट्टीवर ऐकू येते.

गंमत म्हणजे ज्या काजूवर आज गोव्याचं अर्धं पेयपुराण उभं आहे, त्याचा गार्सियाच्या पुस्तकात पत्ताच नाही. इतक्या बारीक नजरेचा माणूस काजू पाहून गप्प बसला नसता. म्हणजे 1563 मध्ये गोव्याच्या डोंगरांवर काजू अजून नीट रुळलेला नसणार. पंधरा वर्षांनी, 1578 मध्ये, क्रिस्तोव्हाओ द कोस्ता या दुसऱ्या डॉक्टरने काजूबद्दल लिहिलं, आणि त्याने तो पाहिला होता कोचीनच्या बागांत. तेव्हा गोव्याची मूळ दारू माडाची, काजूची फेणी नंतरची, हे गार्सियाच्या गप्प राहण्यातून समजतं. 2009 मध्ये जीआय टॅग मात्र काजूच्या फेणीला मिळाला. पुढे सतराव्या शतकात इंग्रज व्यापारी इकडे आले आणि अरक, साखर, लिंबू, पाणी, मसाला असं पाच गोष्टींचं मिश्रण पिऊ लागले. पंच हे नाव आपल्या पाच वरून पडलं असं मानतात. त्या काळी गोव्याच्या अरकला इंग्रजांत मोठा भाव होता. जगातल्या कॉकटेलांच्या पूर्वजांत हे पेय मोजलं जातं, आणि त्यातला मुख्य घटक कसा बनतो हे त्याआधीच गार्सियाने लिहून ठेवलेलं होतं.

पुस्तकात आणखी एक शब्द आहे जो मराठी वाचकाला लगेच ओळखू येईल. मोर्देशी. म्हणजे आपली मोडशी. पटकीचं, कॉलराचं, युरोपियन डॉक्टरने आशियात बसून केलेलं हे पहिलं सविस्तर वर्णन समजलं जातं. नाडी कशी मंदावते, अंग कसं गार पडतं, डोळे कसे खोल जातात, किती झटपट माणूस हातचा जातो, सगळं त्यात आहे. इथले वैद्य रोग्याला मिरी-जिरं घातलेली भाताची पेज पाजतात हेही त्याने टिपलं. चारशे वर्षांनी डॉक्टर लोक कॉलऱ्याच्या पेशंटला मीठ-साखरेचं पाणी देऊ लागले, आणि पुढे तांदळाच्या पेजेचं मीठपाणीसुद्धा.

पुस्तक युरोपात पोचलं. क्लुसिअस नावाच्या मोठ्या वनस्पतिशास्त्रज्ञाला पोर्तुगालच्या प्रवासात त्याची प्रत मिळाली. त्याने संवाद काढून टाकले, मजकूर आटोपशीर केला, लॅटिनमध्ये आणला, आणि 1567 मध्ये अँटवर्पला छापला. त्यावर आवृत्त्या निघत राहिल्या. युरोपातल्या डॉक्टरांच्या टेबलावर हिंदुस्थानी औषधांचं ज्ञान पोचलं ते या वाटेने. फक्त रुआनो, अंतोनिया, तोस्कानोची आंब्याची करंडी, हे सगळं गाळून.

आता लपवलेल्या गोष्टीकडे येऊ.

1547 मध्ये लिस्बनमध्ये गार्सियाच्या बहिणींना, कातारिना आणि इझाबेलला, इन्क्विझिशनने पकडलं होतं. त्या कशाबशा सुटल्या आणि आईला घेऊन भावाकडे गोव्याला आल्या. समुद्रापार, इतक्या लांब, आता सुटका झाली असं त्यांना वाटलं असेल. पण 1560 मध्ये इन्क्विझिशनने गोव्यातही आपलं कार्यालय उघडलं. गार्सियाचं पुस्तक छापून आलं ते त्यानंतर तीनच वर्षांनी. म्हणजे हे दिलखुलास, गप्पिष्ट, खिदळणारं पुस्तक लिहिणारा माणूस धर्मन्यायालय असलेल्याच शहरात बसून ते लिहीत होता. पुस्तकात तो चांगला ख्रिश्चन म्हणूनच वावरतो, पण शनिवारबद्दल त्यात एक अक्षर नाही. त्याच्या घरी शनिवार पाळला जायचा, हे नंतरच्या जबाबांतून उघड झालं.

तो हयात असेपर्यंत घराला कोणी हात लावला नाही. गव्हर्नर आणि व्हाइसरॉय त्याचे पेशंट, वजनदार मित्र, तीन दशकांहून जास्त काळाची पुण्याई. 1568 मध्ये तो गोव्यातच वारला. आणि छत्र गेल्यावर फार वेळ लागला नाही. कातारिनाला पकडलं. तिने आणि तिच्या नवऱ्याने दिलेल्या जबाबांत मेलेल्या भावाचं नाव आलं. तो मोझेसचा धर्मच खरा मानत होता, सण पाळत होता, असं त्यात नोंदवलं गेलं. तुरुंगात, छळाखाली घेतलेले जबाब ते. त्यांचं वजन वाचणाऱ्याने ठरवायचं. पण हे आरोप कुटुंबाच्या एकंदर इतिहासाशी जुळणारे होते. 25 ऑक्टोबर 1569 ला कातारिनाला गोव्यात जिवंत जाळलं.

तरीही खटला मिटला नाही. इन्क्विझिशनच्या नियमात मेलेल्या माणसावरही खटला चालायचा, कारण दोषी ठरला की त्याची पवित्र जमिनीतली कबर रद्द होते आणि मागच्यांच्या नावाला डाग लागतो. 4 डिसेंबर 1580 ला, मृत्यूनंतर 12 वर्षांनी, गार्सियाची हाडं उकरून काढली. भर लोकांसमोर शिक्षा वाचण्याचा सोहळा व्हायचा, त्याला ऑटो-द-फे म्हणत. त्यात ती जाळली आणि राख मांडवीत टाकली. क्लुसिअसची लॅटिन आवृत्ती तेव्हा युरोपभर वाचली जात होती.

पुढे साडेतीनशे वर्षं हे कोणाला माहीतच नव्हतं. एकोणिसाव्या शतकात पोर्तुगालमध्ये गार्सियाचं कौतुक सुरू झालं, त्याच्या पुस्तकाची 1891 ते 1895 मध्ये काउंट फिकाल्योने उत्तम आवृत्ती काढली, 1913 मध्ये क्लेमंट्स मार्कहॅमचं इंग्रजी भाषांतर आलं. सगळीकडे तो पोर्तुगालचा थोर कॅथलिक शास्त्रज्ञ म्हणून सांगितला जात होता. 1934 मध्ये ऑगुस्तो द सिल्व्हा कार्व्हाल्यो या संशोधकाने इन्क्विझिशनची कागदपत्रं वाचून काढली आणि बहिणीची चिता, उकरलेली हाडं, सगळं बाहेर आलं. गोव्यातलं इन्क्विझिशन तोवर बंद होऊन शंभरावर वर्षं झाली होती, ते 1812 मध्ये कायमचं संपलं.

त्यानंतरही पोर्तुगालने त्याला सोडलं नाही. 1971 च्या 20 एस्कुदोच्या नोटेवर त्याचा चेहरा आला, नंतर 200 एस्कुदोच्या नाण्यावरही. लिस्बनजवळच्या आल्मादा शहरात त्याच्या नावाचं मोठं सरकारी हॉस्पिटल आहे. नोटेवरचा चेहरा अर्थात चित्रकाराच्या कल्पनेतला. त्याच्या हयातीतलं चित्र नाही आणि ओल्ड गोव्यात त्याची कबर तर असणंच शक्य नाही.

तेव्हा पणजीच्या चर्च स्क्वेअरवरची ती बाग ही त्याच्या नावाची इथली खूण. संध्याकाळी तिथे म्हातारे बाकांवर गप्पा मारतात, पोरं खेळतात, आणि रस्त्याच्या पलीकडे दिवे लागले की पुढचा घोळका उर्राकचा दुसरा ग्लास संपवून येतो. मांडवी तिथून चालत पाच-सात मिनिटांवर आहे.